चूक रव्याच्या परातीत होती: देवबागच्या आमच्या खानावळीकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी वाचला, माझ्या बायकोनेही वाचला. त्या रात्री शेगडीपाशी तीच होती. मुलाला कोळंबी चालत नाही हे तुम्ही बसल्या बसल्या सांगितलंत, तरी सुरमई खाऊन त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि तुम्हाला रात्रीचं मालवणला डॉक्टरांकडे धावावं लागलं. एकच स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. मनापासून माफी मागतो.

मासळी शिळी असावी, असं तुम्ही लिहिलंय. तेवढं मात्र खरं नाही. सुरमई त्याच दिवशी लिलावातून आणली होती. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात, सुरमईत हिस्टॅमिन नावाचं रसायन साचतं आणि ती मासळी खाल्ली की अशाच गांधी येतात. पण तसं असतं तर त्याच सुरमईची तुकडी खाल्लेल्या तुमच्या यजमानांनाही त्रास झाला असता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्वयंपाकघरात उभा राहिलो. रवा आणि तांदळाचं पीठ मिसळलेली एकच परात. तिच्यात आधी कोळंबी घोळवायची, मग सुरमई, आणि दोन्ही एकाच तव्यावर, एकाच तेलात. रव्याच्या गुठळीत मसाल्याने लाल झालेला कोळंबीचा पाय मला सापडला. तुम्ही वाढणाऱ्या पोराला विचारलंत, 'यात कोळंबी नाही ना?' तो 'नाही' म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. परात आणि तवा कुठला, हे आत जाऊन विचारायला मीच त्याला शिकवलं नव्हतं.

कडक तळलं की दोष जातो, अशी माझीही समजूत होती. ती चुकीची निघाली. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन तळल्या-उकळल्यावरही टिकतं. कुर्ल्या, शेवंड, जवळा यांतही तशीच प्रथिनं असतात. माशांची ॲलर्जी बहुतेक वेळा निराळ्या प्रथिनामुळे येते, म्हणून तुमचा मुलगा घरी सुरमई खाऊ शकतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मीच लिहितो. गांधी दिसताच आमच्या आईने आमसुलाचं पाणी करून त्याच्या अंगाला चोळलं. पित्त उठलं की आमच्याकडे हेच करतात, आणि तिने ते मायेनेच केलं. पण त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. ओठ सुजले, आवाज बसला, धाप लागली, तर लागतं ते मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, तेही लगेच. ॲलर्जीच्या गोळीने खाज थांबते, घशाची सूज त्या वेगाने उतरत नाही. बरं वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला थांबवून घेतलं ते योग्यच केलं. आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती रडली.

आता कोळंबीला वेगळी परात, वेगळा तवा, वेगळं तेल, आणि ती शेगडी दाराकडच्या कोपऱ्यात. ॲलर्जीची चिठ्ठी लाल कागदावर आत जाते. त्या ताटाला जवळ्याची चटणी लागत नाही आणि ते बायको स्वतः वाढते. अन्नसुरक्षेच्या २०२० च्या सरकारी नियमांत मेनूवर ॲलर्जीचे घटक लिहिण्याची सक्ती केंद्रीय परवानेवाल्यांना किंवा दहा आणि त्याहून जास्त शाखावाल्यांना आहे. आमची एकच खानावळ, तरी मी फळ्यावर लिहून टाकलंय. शेजारी १०८ नंबरही. ज्यांना कोळंबीच्या वाफेनेही त्रास होतो, त्यांना मात्र मी सरळ सांगेन की आमचं स्वयंपाकघर लहान आहे, इथे नका जेवू.

ॲलर्जीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि इंजेक्शन जवळ बाळगायचं का हे त्यांनाच विचारा. बिलाचे आणि औषधाचे पैसे मला द्यायचे आहेत. बिलावर खानावळीचा नंबर आहे, त्यावर फोन करा. पैशांचं नंतर बोलू, आधी मुलगा कसा आहे ते सांगा.