‘वाटी-चमच्याचे ४०० रुपये घेतले’ या रिव्ह्यूला दवाखान्याकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय, ‘दीड तास बसवलं. सलाइन लावली नाही. ओआरएसचं पाकीट आणि वाटी-चमचा देऊन कोपऱ्यात बसवलं, सगळं काम आईकडून करून घेतलं आणि ४०० रुपये घेतले. तासाभराने आम्हीच उठून आलो.’ खोळंबा झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. उलट्या-जुलाब होणारं लेकरू मांडीवर घेऊन बसणं किती अवघड असतं, हे आम्ही रोज बघतो. बाळाच्या केसपेपरवरचं मी इथे काही लिहिणार नाही, ते चारचौघांत सांगायचं नसतं. तुम्ही जे लिहिलंत त्यापुरतंच बोलतो.

वाटी-चमच्याचं वाक्य मात्र फार लागलं. माझ्यापेक्षा जास्त काळजी या गोष्टीची, की इंदिरानगर-पाथर्डी फाटा भागातली एखादी आई हे वाचून उद्या ओआरएस म्हणजे ‘काहीच दिलं नाही’ असं समजेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलाबाचं मूल आलं की आधी वजन होतं. डोळे खोल गेलेत का, तोंड कोरडं आहे का, पाणी दाखवल्यावर अधाशासारखं पितंय का, हे बघतो. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती किती वेळात बसते, तेही बघतो. पाणी थोडं कमी झालं असेल तर दर किलोला ७५ मिली ओआरएस ४ तासांत पोटात जायला हवं. १० किलोच्या बाळाला ७५० मिली, म्हणजे दर दीड मिनिटाला ५ मिलीचा एक चमचा. उलटी झाली तर १० मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करायचं. सिस्टर मधूनमधून येऊन वाटीत किती उरलं, लघवी झाली का ते लिहिते, आणि ४ तासांनी पुन्हा तपासणी होते. तुम्ही तासाभराने उठलात, तेव्हा उपचाराचा चौथा हिस्साच झाला होता.

चमचाच का? तहानलेलं मूल बाटलीने किंवा पेल्याने घटाघट पितं, पोट एकदम ताणतं आणि सगळं बाहेर येतं. मग घरचे म्हणतात, ‘पाणीसुद्धा ठरत नाही, सलाइनच लावा.’ आणि आईच का? कारण मूल तिच्या हातून घेतं, आणि जुलाब पुढे ५ ते ७ दिवस चालू शकतात. तेवढे दिवस पाजायचं तिलाच आहे. ते तिने इथे आमच्या डोळ्यांसमोर शिकावं, यात काम ढकलण्याचा हेतू नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरी पडली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते याच कामासाठी.

सलाइनलाही जागा आहे. मूल मलूल पडलं, पिता येईना, कातडी बसायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागली, तर चमच्यात वेळ घालवायचा नसतो; शिरेतून रिंगर लॅक्टेट ही सलाइन सुरू करून ताबडतोब ॲडमिट. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सलाइन लावली असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तशी गरज पडली असेल, त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण ‘सलाइनने जुलाब थांबले’ हे बरोबर नाही. सलाइन काय आणि ओआरएस काय, दोन्ही गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढतात. जुलाब आपल्या गतीने थांबतात. गरज नसताना लेकराच्या हाताला सुई टोचून बिल वाढवणं मला जमणार नाही, मग स्टार कितीही कमी होवोत.

४०० रुपये तपासणीचे आहेत. खुर्ची, सिस्टरची देखरेख आणि ४ तासांनंतरची तपासणी यांचा वेगळा रुपया घेत नाही. ओआरएस आणि जुलाबात द्यायच्या झिंकच्या गोळ्या तर अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतं, हेही आम्हीच सगळ्यांना सांगतो.

घरी चुकतं ते इथे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम टाकायचं. अर्धं अर्धं केलं तर क्षार सारखे वाटले जात नाहीत. तेच पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं, आणि रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात. पेल्यासाठी २०० मिलीचं छोटं पाकीट वेगळं मिळतं. वरून साखर नको, दूध नको. २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. मेडिकलमधल्या गोड टेट्रापॅकवर भरवसा नको. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मनाई केली, ती उगाच नाही. अंगावरचं दूध आणि मऊ भात-वरण चालूच ठेवायचं. शौचात रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवायचं. अँटिबायोटिकचा विचार तेव्हा करतो, साध्या पाण्यासारख्या जुलाबात नाही.

नंबर लागण्याच्या पद्धतीत सुधारणा करतोय, गर्दीच्या दिवसांत जुलाबाच्या मुलांना लवकर बघायचं ठरवलंय. कोपऱ्यात ‘इथे ४ तास का बसायचं’ असा फलकही लावू.

बाळाचं झिंक चालू आहे ना? जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नका, १४ दिवस पूर्ण करा. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलीग्रॅम, चमचाभर पाण्यात गोळी विरघळवून. बाळाला पुन्हा दाखवायचं असेल तर कधीही या, फी लागणार नाही.

आपला,
डॉक्टर, बालरुग्णालय, इंदिरानगर, नाशिक