खुलासा: मोठी गाडी म्हणजे सेफ गाडी, असं नाहीये

'मोठी गाडी घ्या, फॅमिली सेफ' असा मेसेज फिरतोय आणि लोक त्याच भरवशावर कर्ज काढून एसयूव्ही घेतायत, पण हे अर्धंच खरंय. छोट्या गाडीशी धडक झाली तर जड गाडीतल्यांना फायदा होतो, मान्य, पण २०१६ च्या ग्लोबल एनकॅप टेस्टमधे (ही संस्था गाड्या मुद्दाम धडकवून सेफ्टीचे पाचपैकी स्टार देते) एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य स्टार मिळाले होते आणि २०२१ मधे चार मीटरपेक्षा छोट्या टाटा पंचला अ‍ॅडल्ट सेफ्टीत पाच. साइज नका बघू, बॉडी किती मजबूत आणि एअरबॅग किती ते बघा. आणि गाडीबाहेरच्यांचं काय? परवा दाजींच्या नव्या एसयूव्हीत ड्रायव्हर सीटवर बसले, पाच वर्षांचा भाचा अगदी बॉनेटला लागून पुढे उभा होता, मला त्याचे केससुद्धा दिसेनात. पोटात गोळाच आला.