जोत्यापासून किती फूट?

गेल्या महिन्यात दादाने कोल्हापुरातून फोन करून सांगितले, की नदीच्या बाजूला एक प्लॉट बराच स्वस्त मिळतो आहे आणि टोकन देण्यापूर्वी त्याला माझे मत हवे आहे. पुराचे विचारल्यावर तो म्हणाला, "२००५ ला तिथं पाणी आलं नव्हतं." ऑगस्ट २०१९ पूर्वी हेच वाक्य शहरातल्या कितीतरी घरांना आधार देत होते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांच्या आसपास पोहोचले.

मी नेदरलँड्समध्ये, वाल नदीकाठच्या नायमेखन शहरात राहतो. १९९५ साली येथील नद्या इतक्या फुगल्या, की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. मुख्य बांध फुटले नाहीत, तरीही यापुढे केवळ बांध उंच करत न राहता नदीलाच जागा द्यायची, असा निष्कर्ष सरकारने काढला. शहरासमोरच्या लेंट गावात बांध ३५० मीटर मागे नेला, त्यासाठी सुमारे ५० घरे हटवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत नदीसाठी नवा प्रवाह खोदला. गावाने या योजनेला विरोध केला होता, आणि तो मला समजू शकतो. शिवाय डच लोक मुळातच दूरदर्शी होते, असेही नाही. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्र आत घुसून १,८३६ माणसे मेली, त्याआधी योहान फान फेन या अभियंत्याने बांध अपुरे असल्याचे बजावले होते.

आपल्याकडे दर पावसाळ्यात वाद होतो तो कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याचा, महामार्गाच्या भरावाचा आणि पूररेषेतल्या बांधकामांचा. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची तपासणी झालीच पाहिजे. परंतु या वादात आपले स्वतःचे जोते कधी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमी घरोघरी पोहोचते आणि शाहू महाराजांचे नाव आदराने निघते. ज्या धरणाचे काम महाराजांच्या १९२२ मधील निधनानंतरही दीर्घकाळ चालले, ते पुढच्या पिढ्यांचा हिशेब मांडून हाती घेतलेले होते, हे मात्र जमीन घेताना आपल्याला आठवत नाही.

अर्थात आठवण असूनही माणसाला हलता येत नाही, हे मी नाकारत नाही. १९८९ च्या पुरानंतर कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडी या गावांतल्या लोकांना सोनतळीला भूखंड मिळाले, तरी अनेक कुटुंबे जुन्या गावातच राहिली, कारण शेत आणि जनावरे तिथेच होती. त्यांना इतिहास शिकवण्याचा अधिकार मला नाही. दादाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला अजून निवड करता येते.

माझ्या कामात एखादी यंत्रणा बंद पडली, की कधी, कशामुळे आणि कुठपर्यंत बिघाड पोहोचला याची नोंद करावी लागते आणि पुढचा बदल करण्यापूर्वी ती वाचावीच लागते. घराच्या व्यवहाराला मी तोच नियम लावला. दादाला म्हणालो, "दलालाला विचारू नकोस, शेजारच्या घरात जा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवायला सांग आणि टेप लावून मोज."

रविवारी तो गेला. शेजारच्या आजींनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून २०२१ ची खूण दाखवली. जोत्यापासून साडेचार फूट भरले. टोकन अजून दिलेले नाही.