खुलासा: ती क्लिप उतोया बेटावरचं खरं चित्रण नाही

‘नॉर्वेच्या हत्याकांडात अडकलेल्या मुलीने मोबाइलवर घेतलेला खरा व्हिडिओ’ अशा मजकुरासह एक क्लिप फिरते आहे. हा दावा चुकीचा आहे. ती क्लिप एरिक पोप्पे यांच्या ‘उतोया: 22 जुलै’ (2018) या नॉर्वेजियन चित्रपटातली आहे. त्यातली काया हे काल्पनिक पात्र असून ते आंद्रेया बर्न्टझेन या अभिनेत्रीने साकारलं आहे.

घटना मात्र खरी आणि भयंकर आहे. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लोतल्या बॉम्बस्फोटात 8 आणि उतोया बेटावर तरुणांच्या शिबिरात झालेल्या गोळीबारात 69 जणांचा जीव गेला.

गैरसमज का होतो, तेही सांगायला हवं. बेटावरचा सगळा भाग एकाच सलग शॉटमध्ये, हातातल्या कॅमेऱ्याने टिपलेला आहे. हल्ला 72 मिनिटं चालला, पडद्यावरही तो तितकाच वेळ चालतो. सुरुवातीला काया थेट कॅमेऱ्यात बघून बोलते. ती आईशी फोनवर बोलते आहे, हे जरा उशिरा कळतं. तेवढाच तुकडा कापला तर तो कुणालाही खरा वाटेल. चित्रीकरण उतोयावर नव्हे, जवळच्या दुसऱ्या बेटावर झालं. पटकथा हल्ल्यातून बचावलेल्यांशी बोलून लिहिली, पण पात्रं काल्पनिक आहेत, असं चित्रपटाच्या शेवटी स्पष्ट म्हटलं आहे. आरंभीची ऑस्लोतल्या स्फोटाची दृश्यं तेवढी खरी आहेत.

पॉल ग्रीनग्रास यांचा नेटफ्लिक्सवरचा ‘22 जुलै’ हा याच घटनेवरचा, पण वेगळा चित्रपट.

मुलं गमावलेले आईवडील आजही आहेत. कृपया ही क्लिप त्या मजकुरासह पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर काढून टाका आणि त्याच गटात हा खुलासा टाका.