कोबी, कोट आणि तीन किलो पाणी

पुतण्याच्या लग्नाला बारा दिवस उरले असताना कपाटातून काढलेल्या बंद गळ्याच्या कोटाने पोटापाशी असहकार पुकारला, आणि शिंप्याला दोनशे रुपये देण्याऐवजी मी सात दिवसांच्या कोबीच्या सुपाचा मार्ग धरला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या फोडणीचा आवाज ऐकून त्यात हिंग किती पडला असेल, याचा मी अंदाज बांधू लागलो. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी "गॅस बंद केलात का?" एवढेच विचारले, त्यावर मी जे बोललो ते लिहिण्याजोगे नाही. "जेवा तरी, नाहीतर बोलू तरी नका," असे त्या शांतपणे म्हणाल्या. चौथ्या दिवशी काट्याने तीन किलो कमी दाखवले. पाचव्या दिवशी मंडईत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बसलो तो नेमका कोबीच्या ढिगावर.

डॉक्टरांनी आधी लिंबू-सरबत पाजले आणि मग हिशेब मांडला. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. तेव्हा चार दिवस निर्जळी उपवास केला असता तरी तीन किलो चरबी जाणे शक्य नव्हते. यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. तो साठा संपला, की पाणीही वाहून जाते. थोडक्यात, माझा पराक्रम बहुतांशी लघवीवाटे गेला होता. असेच रेटले तर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, असेही ते म्हणाले. स्नायू आणि खडे मी निमूट ऐकून घेतले. केसांचे मात्र जिव्हारी लागले, कारण उरलेल्या प्रत्येकाला मी व्यक्तिशः ओळखतो.

आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो, हा त्यांचा सल्ला मला अपमानास्पद वाटला. शिवाय वरण-भात सुरू होताच ते तीन किलो माहेरपण आटोपून लग्नाच्या आत परतले, आणि कोट शिंप्याकडे गेलाच.

लग्नानंतर मात्र भाताची एकच मूद, मटकीची भरपूर उसळ, दुप्पट कोशिंबीर आणि आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे, असा बेत ठरला. जिलबी बंद झाली नाही. ती फक्त सणावारी येऊ लागली. पाच महिन्यांत सहा किलो उतरले, आणि तो उसवलेला कोट आता अंगावर गोणपाटासारखा लोंबतो. पुन्हा आत घ्यायला शिंपी अडीचशे मागतो आहे.