उसाचं बिल आलं की बघू

परवा शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. "तुमच्या इंग्लंडात सोनोग्राफीला महिने लागतात, आपल्याकडे सकाळी सांगितलं की संध्याकाळी रिपोर्ट हातात!"

खरं आहे. पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी मी इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या रांगेत अकरा महिने थांबले. दोनदा मध्यरात्री पोट धरून इमर्जन्सीत गेले आणि इंजेक्शन घेऊन परत आले. त्या अकरा महिन्यांचं समर्थन मी कधीच करणार नाही. ऑपरेशन झालं तेव्हा मात्र खिशातून गेले ते फक्त पार्किंगचे पैसे. बाकीचं दर महिन्याला पगारातून करापोटी कापलं गेलेलंच असतं.

वाळवा तालुक्यातल्या माझ्या काकूलाही हेच खडे आहेत. तिची सोनोग्राफी खरंच एका संध्याकाळात झाली. खाजगी डॉक्टरांनी ऑपरेशनचा खर्च सांगितला ६०-७० हजार. काकू म्हणाली, "उसाचं बिल आलं की बघू." बिल आलं, ते सोसायटीच्या कर्जात वळतं झालं. पुढच्या वर्षी चुलतबहिणीचं लग्न निघालं. तीन वर्षं झाली, ती तेलकट टाळून दिवस काढतेय.

मग जास्त कोण थांबलं?

इंग्लंडात १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. २०१६ पासून ते एकदाही गाठता आलेलं नाही, रखडलेले उपचार ७० लाखांच्या वर गेले. पण हा आकडा दर महिन्याला जाहीर होतो आणि त्यावरून मंत्र्यांना संसदेत उत्तर द्यावं लागतं. काकूचं थांबणं कुठल्या वहीत लिहिलंय? जो दवाखान्याची पायरीच चढला नाही, तो आपल्या रांगेत धरलाच जात नाही. म्हणून आपली रांग छोटी दिसते.

भारतात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९ टक्के झाला. ही घट मोठी आहे, मला तिचा मनापासून आनंद आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. पण ही योजना आपल्यासाठी आहे, हे काकूला तीन वर्षांत कुणी सांगितलंच नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाबाहेर थांबलेल्यांची संख्या लिहा, एवढंच मला मागायचंय.

काल फोनवर काकूला माझे अकरा महिने सांगितले. ती म्हणाली, "पण तारीख तर दिली होती ना गं तुला?"