तिसरी घंटा झाली की दार बंद म्हणजे बंद!

सहा सेकंद. फक्त सहा सेकंद अंधार मागितला होता हो! तेवढाही देता येत नाही?

काल दुसरा प्रयोग होता. पेठेतलं ऐंशी खुर्च्यांचं थिएटर. आमच्या नाटकातले पेन्शनर अण्णा लोखंडी कपाटात बसून चाळीस वर्षं पुढे जातात, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं का ते बघायला. कपाट गायब होतं त्या क्षणावर अख्खा पहिला अंक उभा आहे. ब्लॅकआउट होतो, दोन पोरं चाकांवरचं कपाट डाव्या विंगेत ओढतात, दिवे येतात आणि स्टेजवर उरतात फक्त अण्णांच्या चपला. पहिल्या प्रयोगाला त्या चपलांवर असा लाफ्टर आला की पुढचं वाक्य रोखून धरावं लागलं. दीड महिना तालीम केलीय त्या सहा सेकंदांची. अंधारात, आकडे मोजत, आवाज नको म्हणून पायात मोजे घालून.

आणि काल? बरोब्बर ब्लॅकआउटला मागचं दार उघडलं! उशिरा आलेल्या चौघांना आत सोडायला. पॅसेजमधल्या ट्यूबलाइटचा उजेड थेट स्टेजवर, आणि त्यात आमचा पोरगा कपाटाला मिठी मारून ओणवा. चाक फळ्यांच्या फटीत अडकलेलं, आत अण्णा. लोक खो खो हसले, पण आमच्यावर. चपलांकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दारावरच्या माणसाला जाब विचारला तर म्हणे, "मॅडम, विनोदीच आहे ना? मग काय एवढं?"

काय एवढं? अहो, रडारडीचं नाटक अर्धा सेकंद मागेपुढे झालं तरी निभतं. लाफ्टर अर्ध्या सेकंदाने हुकला की गेला, तो परत येत नाही!

मुळात दिवे लावायला वेळ तरी कुठे मिळाला? आमच्या आधीचा सत्कार पाऊण तास लांबला. शाली, श्रीफळं आणि प्रत्येकाचे "दोन शब्द". आमच्या वाट्याला फोकसिंगला वीस मिनिटं. भाडं मात्र पूर्ण घेतलं.

वर "सायन्स फिक्शन? म्हणजे बालनाट्य का?" हे ऐकून कान किटलेत. रोबो हा शब्दच जगाला नाटकाने दिलाय! कारेल चापेकचं ते नाटक 1921 साली प्रागच्या रंगमंचावर आलं. नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवून पहिलं बक्षीस मिळवलं, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. तरी आम्हाला विचारणार, "मागे स्क्रीन लावणार का?" नाही लावणार! कपाट आहे, चपला आहेत, अंधार आहे. प्रेक्षकाला सगळं कळतं, त्याच्या आड तेवढे येऊ नका.

आणि ते पासवाले! "दोन पास ठेव गं." अडीचशेचं तिकीट जड होतं का? मल्टिप्लेक्समध्ये तेवढ्याचे पॉपकॉर्न खाता, तिथे मागता का पास? कालचे ते उशिरा आलेले चौघंही पासवालेच होते.

अण्णांचं काम करणारे काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्या कपाटात गुडघे पोटाशी घेऊन बसतात. काल बाहेर आले तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका ओला. मला एवढंच म्हणाले, "चपलांचा लाफ्टर नाही आला गं." रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

पुढचा प्रयोग रविवारी आहे. तिसरी घंटा झाली की दाराला पाठ लावून मी स्वतः उभी राहणार, ते कपाट विंगेत जाईपर्यंत. बाहेर माझा सख्खा मामा असला तरी त्याने थांबायचं.